तुमचं ते घोरणं

अण्णा, रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी तुमचं घोरणं ऐकलं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून, डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत त्याला कसं तगवायचं, ते शिकवायला एक बाई आल्या होत्या. सीपीआर म्हणतात त्याला. सतरंजीवर रबरी पुतळा ठेवलेला. बाई म्हणाल्या, माणूस कोसळलाय, हाका मारून उठत नाही आणि मध्येच घोरल्यासारखा आवाज करतोय, तर झोपलाय असं समजू नका. तो श्वास नव्हे, लगेच छाती दाबायला घ्या. आणि तो आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवला. सगळे हसले. मी सोडून.

तुम्ही मुलुंडच्या कारखान्यात वायरमन. शॉक बसलेल्या माणसाला काय करायचं त्याचा तक्ता तुमच्या खात्यात भिंतीवर असायचा, आणि एकदा तुम्हा सगळ्यांना ते करूनही दाखवलं होतं. त्याच संध्याकाळी घाटकोपरच्या आपल्या खोलीत तुम्ही मला शिकवायला बसलात. आधी उशीवर, मग स्वतःच जमिनीवर आडवे. "दाब. जोरात. मी काय मोडत नाही." मी हात ठेवला आणि आई ओरडली, "काय गो ह्यां! बापाच्या छातीर हात? ल्हान आसस काय आता?" मी सोळाची. चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तुम्ही चिडलात. "लाजत काय बसतेस? माणूस मरेल तोवर!"

तो रविवार त्यानंतर वर्षभराने आला असेल. आई मावशीकडे बोरीवलीला गेलेली. बांगडे तुम्हीच साफ करायचात, दुसऱ्या कोणाचं काम तुम्हाला पटायचं नाही. मोरीत बसल्या बसल्या म्हणालात, छातीत कसंतरी होतंय. शेजारच्या काकू धावत आल्या. "गॅस झालाय, दुसरं काय! काल वाटाण्याची उसळ खाल्ली ना?" त्यांनी ओवा दिला, सोडा दिला. तुम्ही हात धुतलेत, चटईवर पडलात आणि मान कलली. मी हाका मारतेय, गदागदा हलवतेय, तुम्ही उठत नाही. पण घोरताय. थांबून थांबून, मोठ्याने. काकू म्हणतायत, "बघ, घोरतायत. डोळा लागला. झोपू दे गं, कशाला उठवतेस?" आणि मी पुठ्ठा घेऊन तुम्हाला वारा घालत बसले. वारा, अण्णा!

मग आवाज थांबला. दार माणसांनी भरलं. तेव्हा तरी दाबायचं! ती उशी मला आठवली होती, खोटं कशाला बोलू. पण तुमचा बनियन वर सरकलेला, चाळीतले एवढे पुरुष बघतायत, त्यांच्यासमोर बापाच्या छातीवर ओणवं व्हायचं. मला लाज वाटली. कोणीतरी कांदा फोडून तुमच्या नाकाला लावला. चौघांनी खुर्चीत बसवून जिना उतरवला, टॅक्सीत घातलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

क्लासनंतर मी बाईंना गाठून विचारलं, दाबलं असतं तर वाचले असते का? "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण संधी मिळाली असती." इतकी वर्षं सगळे मला समजावतात, तू काय करणार होतीस, पुण्यवान माणूस, झोपेत गेले. आई अजून त्यावरच जगतेय. म्हणून हे तिला वाचून दाखवायचं नाही आणि दुसऱ्या कोणाला धाडायचं नाही.

क्लास झाल्यापासून मी डोकं फिरल्यासारखी दारोदार हिंडतेय. शिका रे, बाबांनो, पुढच्या रविवारी परत क्लास आहे. "काकी, आमच्याकडे हार्टचं कोणाला नाही हो." "ॲम्ब्युलन्स येते ना." अरे, पण ती येईपर्यंत कोण? इस्त्रीवाल्याला पटवलं, वॉचमनला पटवलं. हे दुपारी घोरायला लागले की मी त्यांना हलवून जागं करते, परवा वैतागून म्हणाले, "मारतेस का मला आता?"

चौदा जण तयार झालेत. सगळ्यांना वाटतं, काकींना हे येतं. पण त्या दिवशी बाईंनी एकेकाला पुतळ्यापाशी बोलावलं आणि माझी पाळी आली, तेव्हा गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, असं सांगून मी खुर्चीतच राहिले. माझे गुडघे ठणठणीत आहेत, अण्णा.