कॉलरपाशी थांबलेला कोट

बाळ्या,

हे पत्र मी धाडणार नाही, म्हणून मनातलं लिहिते.

तू फोनवर म्हणालास, "ताई, मधे सात हजार मैल आहेत, चौदा तासांचं विमान आहे, आणि रजा मिळत नाही." रजा मागितलीस तरी का? जाऊ दे.

आईला मैल कधी कळले नाहीत. तू निघालास की ती गिऱ्हाइकाचा कोट शिवायला घ्यायची. खिसे झाले की तू समुद्रावर, कॉलर लागली की विमान खाली, शेवटच्या बटणाला तू दारात.

परवा अंथरुणातून तिनं विचारलं, "बाळ्या निघाला का गं?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

"मग कोट घे की शिवायला!"

घेतला. ती डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकत पडली होती. खिसे झाले, बाह्या झाल्या. कॉलरपाशी माझा धीर सुटला. कोट पुरा झाल्यावर दारात तिला कोण दिसणार होतं? मी हळूच सुईतला दोरा काढला आणि मशीन नुसतीच चालवत राहिले.

पण जन्मभर मशीनवर बसलेली बाई ती.

"सुईत दोरा नाहीये गं," ती म्हणाली.

माझा पाय थांबला.

"थांबू नकोस. चालव तशीच."

मी चालवत राहिले. त्या आवाजात ती कधी गेली, मला कळलंच नाही. तुला मात्र सांगितलं, झोपेत गेली.

तुझी,
ताई