रिकामा डबा

शनिवार, घरी आल्याबरोबर

रेवानं सकाळी सांगितलं होतं, "आई, शाम को खिरापत लाना, डिब्बा बंद रखना." बँकेची नोकरी सोडून पोट्टी गात फिरते, म्हणून महिनाभर माझं डोकं तापलेलं. रागात मी रिकामाच डबा नेला. काहून केलं मी असं?

जुन्या राईस मिलच्या गोदामात आता गाण्याचे कार्यक्रम होतात. गल्ली रंगवली, दिवे लावले. आधी तिथून नाक दाबून जावं लागे. आज तिथं रेवाचं गाणं होतं. मले वाटलं, गिटारवर काहीतरी इंग्रजी गाईल. तर तिनं भुलाबाईची गाणी काढली! माझ्या आईनं शिकवलेली. घरी मराठीत एक शब्द बोलत नाही ही पोट्टी.

मग माझ्याकडे हात करून माइकवर म्हणाली, "हमारे यहाँ गाने के बाद खिरापत पहचाननी पड़ती है. बताओ, आई के डिब्बे में क्या है?"

पेढा, लाडू, चिवडा... सारा हॉल ओरडून राहिला. मी झाकण दाबून बसली. ती खाली आली, डबा घेतला, उघडला. पाहिलं. चेहरा जरासुद्धा हलला नाही. झाकण परत लावलं.

"हार गए सब! आई की खिरापत कोई नहीं पहचान पाता. डिब्बा घर जाएगा."

टाळ्या. ऑटोत डबा तिच्याच मांडीवर.

आता गॅसवर रवा भाजायला ठेवलाय. तुपाचा वास तिच्या खोलीपर्यंत गेला असेल. अजून ओळखायला आली नाही.