काट्यावरचा फोटो

बेमिजी, सोमवार सकाळ

प्रिय ऑर्लिनदादास,

धाकट्या एल्डनचा नमस्कार. सहा वर्षांनी करतोय, म्हणून जरा वाकूनच करतो. तुझा गुडघा कसा आहे? (चर्चनंतरच्या कॉफीला सगळ्यांच्या गुडघ्यांची खबर मिळते.) आम्ही तसे ठीक. येत्या शनिवारी डलुथला सिग्नेचं लग्न आहे, ते पत्रिकेवरून समजलंच असेल. तू उत्तर पाठवलं नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

विषय व्हॅनचा आहे. तीच, जिचं इंजिन आपण दोघांनी तुझ्या गॅरेजात खोलून पुन्हा बांधलं होतं. सिग्ने हट्टाला पेटलीय, नवरीची गाडी हीच. गाडी चालवायला पोरगी हिच्यावरच शिकली ना! दीडशे मैलांचा रस्ता, आणि शेवटी डलुथचे ते चढ, चौकाचौकात लाल दिवा. आणि दादा, गेले तीन आठवडे इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर जाऊन पडतोय. हायवेवर बरा असतो, सिग्नलला थांबलो की बसलाच. ऑइल पोचलं नाही तर बेअरिंगं जातील, आणि माझी पोरगी लग्नाच्या पांढऱ्या झग्यात रस्त्याच्या कडेला उभी राहील. मला झोपेतसुद्धा तेच दिसतं.

आधी ऑइल किती आहे ते पाहिलं, तर पुरेपूर. मग (ओरडू नकोस) जाड ऑइल ओतलं. "जाड ऑइल म्हणजे दुखणं झाकणं," असं तू सहा वर्षांपूर्वी म्हणाला होतास, "माझी गाडी, मी वाटेल ते ओतीन," असं मी म्हणालो होतो, आणि तिथेच आपलं बोलणं तुटलं. तर ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारठ्यात ते मधासारखं थिजलं आणि गाडी नुसती कण्हत राहिली. कशीबशी सुरू झाली, तापली, आणि काटा पुन्हा शून्यावर. म्हणजे तुझं बरोबर होतं. (हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा पत्र जपून ठेव.)

मग मी नवी युक्ती काढली. सिग्नल लागला की गिअर काढायचा आणि अॅक्सिलरेटर दाबून धरायचा, म्हणजे काटा थोडा तरी उठतो. गेल्या आठवड्यात सिग्नलला माझ्या बाजूला गाडी घेऊन बर्निस येऊन थांबली, आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, वय शहात्तर. माझं घूं घूं ऐकून बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि दिवा हिरवा होताच अशी सुसाट सुटली की बघत राहावं! रविवारी सगळ्यांदेखत मला म्हणाली, "एल्डन, शर्यतीत हरलास की नाही?" पाद्रीबुवासुद्धा हसले.

तुझ्या भावजयीला, मार्डेलला, हे कळू द्यायचं नव्हतं. लग्नघरात आधीच तिच्या जिवाला घोर. म्हणून मी काट्यावर सिग्नेचा शाळेतला फोटो चिकटवला, दातांना तार लावलेली होती तेव्हाचा. पण मला कुठला धीर धरवतोय? दर सिग्नलला फोटोचं टोक उचलून बघायचो. मार्डेलला वाटलं, लेक सासरी निघाली म्हणून बापाचं काळीज तुटतंय. तिने डोळे पुसले, माझ्या हातावर हात ठेवला. मग रेल्वेच्या फाटकावर गाडीला गचका बसला, फोटो तिच्या मांडीवर पडला आणि खाली काटा शून्यावर! पुढचे चौदा मैल ती काय बोलली ते लिहीत नाही.

आता काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच कामातून चाललंय, हे कळायला इंजिनाला थेट जोडून प्रेशर मोजायचा गेज हवा. तो तुझ्या हत्यारांच्या लाल पेटीत तिसऱ्या खणात असतो. मी मागत नाहीये हं. नुसतं सांगतोय.

तुझा,
एल्डन

ता. क. फार्गोहून इकडे कुठे येणं झालं तर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही घरीच आहोत. तू तीनदा नको म्हणशील, मी चौथ्यांदा ताट वाढीन.

ता. क. आणखी एक. गेज पोस्टाने धाडू नकोस, मोडेल. आणि येताना बरा कोट आण.

भाऊजी,

पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलंय, म्हणून चार ओळी. गाडीच्या पार्टच्या दुकानात तसला गेज वापरून परत द्यायला मिळतो. यांनी तो गेल्या शुक्रवारीच आणून लावला. प्रेशर चांगलं आहे. काट्याला खबर देणारा अंगठ्याएवढा सेन्सर गेला होता, तो बदलला. आता काटा सरळ आहे, जाड ऑइलही काढलं. आणि पत्र यांनी आज सकाळी लिहिलंय.

सिग्नेचा फोटो यांनी परत भिंतीवर लावला. काट्यावर आता दुसराच आहे: तुम्ही दोघे, कोपरापर्यंत काळे हात, मधे ते इंजिन.

तुमची खुर्ची धरून ठेवलीय. गेज मात्र विसरू नका, नाहीतर दार उघडल्यावर तुमच्याशी काय बोलायचं ते यांना सुचायचं नाही.

मार्डेल