सात नंबरची बाटली

१२ फेब्रुवारी १९८६

सात नंबरच्या सशाला टोचलं. घाईत. माकुणसारला आत्माराममामाच्या मुलीची हळद, तीनची एस.टी. पकडायची होती. बसमध्ये आठवलं — टोचण्याआधीचं रक्त घेतलंच नाही.

मुंबईच्या दमयंतीबाई चुरी आमच्या प्रयोगशाळेला शुक्रजंतूच्या टोकावरचं एक प्रथिन पाठवतात. ते टोचलं की सशाच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. बाईंचा सगळा प्रबंध त्यावर. तुलनेला त्याच सशाचं आधीचं रक्त लागतं. सातचं आता कधीच मिळणार नाही.

१३ फेब्रुवारी

नऊ नंबरचा ससा बाहेर काढला. अजून न टोचलेला. रखमाने त्याला गोणपाटात धरलं. ती पाम गावाहून चालत येते, पिंजरे धुते, गवत घालते.

"भाऊ, ह्यो सात नाय. नऊ हाय."

"चालतं."

"चालतं तर चालतं. तुमचं लिवणं तुमाला ठावं."

त्याच्या रक्ताच्या बाटलीवर लिहिलं — सात, टोचण्याआधी.

९ जून

बाईंचं पत्र. नंतरचं रक्त शुक्रजंतूच्या टोकाला चिकटतं, आधीचं चिकटत नाही. त्यांना हवं होतं तेच. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पेढे वाटले, माझी पाठ थोपटली.

रखमाने आपला पेढा तोडून नवाच्या पिंजऱ्यात ठेवला. "ज्याचं रगत त्याला."

१० जून

सातचं रक्त आधीपासूनच चिकटत असेल तर?

२० नोव्हेंबर

पुन्हा पत्र. दुसऱ्या एकाही सशात तसं होत नाही. आठ वेळा करून पाहिलं. 'माझ्याच हातात खोट असावी. पाच वर्षांनी प्रबंध थांबवते आहे.' सातचं आधीचं रक्त उरलं असेल तर पाठवा म्हणतात.

नऊ पुन्हा काढला. कानातली शीर सापडेना. उजवा कान फाटला.

"पुना सातच काय?" रखमा म्हणाली. हसत होती.

२२ नोव्हेंबर

परवा नवाच्या रक्ताची भरलेली बाटली ओतून टाकली. बाईंना खरं लिहिलं — आधीचं रक्त सातचं नव्हतं, इथे दोन सशांची अदलाबदल झाली, तुमच्या हातात खोट नाही.

कोणी केली ते लिहिलं नाही. जागा होती कागदावर.

टपाल टाकून सायकलवरून कुंभवलीपर्यंत आलो. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

२६ नोव्हेंबर

बाईंचा साहेबांना फोन. साहेबांनी मला बोलावलं.

"अदलाबदल झालीच कशी? पिंजरे कोण धुतं?"

"रखमा," म्हणालो.

विचारलं त्याचं उत्तर दिलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. मीही बोललो नाही.

२७ नोव्हेंबर

रखमाचं काम आजपासून बंद. साहेबांपुढे पिंजऱ्यांच्या किल्ल्या ठेवून निघाली. 

फाटकापाशी थांबली. म्हणाली, "भाऊ, नवाच्या उजव्या कानाला सुई नका लावू. वली हाय जखम अजून."

बरं, म्हणालो.