अंडी फोडणारी पोर

रविवार, १४ तारीख

ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, तुम्हीही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. नोकरी अजून सोडलेली नाही, म्हणजे भावोजी पैज हरले. खोली मात्र बदलली. हिला खिडकी आहे, पण समोर भिंत.

फोनच केला असता. पण तुझा फोन सदानकदा आजीच्या हातात, आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू. म्हणून आमचा ड्रायव्हर तिकडे येतोय, त्याच्याकडे हे देतोय. सोबत पेन ड्राइव्ह आहे, जपून ठेव. आजीचे डोळे कसे आहेत? फोनवर मध्येमध्ये जाहिराती येतात, त्या बघते का ती?

आम्ही तसल्याच जाहिराती बनवतो. मालक जुन्या मूकपटांतले तुकडे शोधून आणतात, फुकट मिळतात म्हणून. परवा गुडघेदुखीच्या मलमाचं काम होतं. एक लहान पोर टोपली घेऊन पळते आणि धाडकन पडते. मला तेवढं पडणंच दिलेलं. मी ते पुढेमागे करून तिला पुन्हापुन्हा पाडलं, वर लोक खिदळल्याचा आवाज टाकला. ती अक्कल माझीच. मालक खूश झाले. जाहिरात गेली.

मग जेवताना सहज अख्खी फिल्म लावली. टोपलीत अंडी होती, ताई.

आजी ऐकीव गोष्ट सांगते ना, तिच्या आईला लहानपणी कुणीतरी तीन पायांच्या पेटीपुढे अंडी घेऊन पळायला लावलं, सगळी फुटली आणि घरी मार बसला? काका ज्याला थापा म्हणतात ते. तर ती पोर पडून उठते, तोंडावरचा बलक पुसते आणि आपल्याकडे बघून जीभ काढते. डावी भुवई वर. आजी पत्त्यांत लबाडी करताना करते, हुबेहूब तशी. ताट तसंच ठेवून मी मालकांकडे गेलो.

म्हटलं, जाहिरात मागे घ्या, ही माझी पणजी आहे. आधी हसले. मग माझं तोंड बघून त्यांनी वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, फिल्म काढणारा मरून जमाना झाला, हक्काची मुदत संपली, आता ती सगळ्यांची. कुणीही कापा, जोडा, विका. नातं लागत नाही त्यात. मी म्हटलं, अहो, आजी रांगत होती तेव्हा ही गेली, आमच्याकडे हिचा एक फोटोसुद्धा नाही.

मालक म्हणाले, "सगळ्यांची म्हणजे तुझीपण की रे. घेऊन जा अख्खी. कोण अडवतंय?"

जाहिरात काही थांबवली नाही. पण अख्खी फिल्म पेन ड्राइव्हमध्ये आहे. टीव्हीला लाव, आजीला जवळ बसव, काकांनाही बोलव. आणि त्याआधी फोन तिच्या हातातून काढून घे, बिघडला म्हण, काहीही म्हण. मलमाची जाहिरात म्हाताऱ्यांच्याच फोनवर जावी अशी आम्ही लावलीय.

तिने ती आधीच बघितली असेल, आणि बघून हसली असेल, तर तेवढं मला कळवू नकोस.

फोन वाजला की दचकणारा
तुझा धाकटा