आधी ओरडा, मग दाबा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (माझेही तसेच.) दाजींचा खोकला थांबला असेल, नसेल तर तुझ्या धाकानं तरी दबला असेल.

तुझ्या चिरंजिवांनी माझ्या कारखान्यात संगणक बसवला, त्याची ही हकिकत. पत्र्याच्या प्रेसवर आपला नियम तुला ठाऊकच आहे: जे करणार ते आधी ओरडायचं, मग करायचं. 'पत्रा आत! हात बाहेर! दाबतोय!' माझी दोन बोटं गेली त्या दिवसापासूनचा हा नियम. उरलेली वाचली ती आपल्या जुन्या कारागिरामुळे, ज्याला त्याच्या आवाजावरून सगळे भोंगा म्हणतात त्याच्यामुळे. त्यानं 'थांब!' म्हणून छप्पर हलवलं होतं. म्हणून मी भाच्याला बजावलं, यंत्र मुक्यानं काम करणार असेल तर दारातूनच परत ने. त्यानं संगणकाला द्यायच्या हुकमांच्या वर एक छोटीशी ओळ घातली. मग यंत्र प्रत्येक हुकूम आधी पडद्यावर दाखवायचं आणि मग पाळायचं. पडदा मी हौसेनं ऐन प्रेसच्या वर टांगला.

पुढे कामं आटली. अठ्ठावन्नच्या वरच्यांना घरी बसवायचं मी ठरवलं. (एकेकाला बोलावून, नीट सांगून. तसा बेत होता.) भाच्यानं हुकूम लिहिले आणि चालवून बघितले. पडदा बंद करायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. 'वय बघ. नाव काढ. फाटकाचं कार्ड बंद कर.' एकेक नाव येत होतं, माना वर करून सगळे वाचत होते. भोंग्याचं नाव आलं तसा तो सवयीनं ओरडला, "थांब!" शेडमधल्या झाडून सगळ्या प्रेस थांबल्या, ताई. पडदा तेवढा चालत राहिला.

भोंग्याला मी ठेवणारच होतो गं. मनाशी पक्कं होतं. भाच्याला सांगायचं राहिलं.

त्यानं हातमोजे काढून प्रेसवर ठेवले. जाताना म्हणाला, "मालक, यंत्र शिस्तीचं आहे. ओरडलं, मग दाबलं."

आता शेडमध्ये कुणी ओरडत नाही. काल एका कामगाराच्या हातमोज्याचं टोक प्रेसखाली सापडलं म्हणे. आतलं बोट नशिबानं आखूड होतं.

तुझा,
धाकटा

ता. क. माझंही वय एकसष्ट. फाटक मलाही उघडत नाही. पत्र वॉचमनच्या खोलीतून लिहितोय. तो चहा देतो, आत सोडत नाही. भाचा कार्ड चालू करायला निघाला होता. म्हटलं, आधी भोंग्याचं.

आणखी ता. क. भोंग्याच्या दारात जाऊन आलो. 'चुकलो, परत चल', एवढंच म्हणायचं होतं. त्याच्या नातीच्या शाळेची चौकशी करून परतलो. तू येशील? नुसती मागे उभी राहा. माझा आवाज नाहीच फुटला, तर तू ओरड.