भावांची लग्नं बहिणी लावायच्या

बुधवार, १२ ऑगस्ट १९९८

ताईच्या बी.ए.च्या पुस्तकातलं एक वाक्य संध्याकाळपासून डोक्यातनं जात नाही. स्पेनच्या डोंगरात पूर्वी कँटाब्री नावाची टोळी होती. एका ग्रीक लेखकानं लिहून ठेवलंय, की त्यांच्यात हुंडा पुरुष द्यायचा, वारसा मुलींना मिळायचा आणि भावांची लग्नं बहिणी लावायच्या. त्याला हे काही सुधारलेपणाचं वाटलं नाही. नसू दे.

मला तर झकास वाटलं. आपल्याकडं मुलीकडच्यांनी आधी यायचं. तोवर मला आवडणाऱ्या मनीषाच्या गल्लीतनं मी काय नुसती सायकल फिरवायची? ताईला म्हटलं, "तूच जा की तिच्या घरी. लाव माझं लग्न."

"जाते की. तिच्या आईनं विचारलं, पोरगं काय करतंय, तर काय सांगू? फुटबॉलच्या टीममध्ये घेतलं नाही म्हणून सरांच्या अंगावर धावून गेला आन् कॉलेज सोडून घरात बसलाय?"

मी हातातला तांब्या आपटला. नेहमीसारखाच. ताई हललीसुद्धा नाही.

"त्या बायका भावाला कुणाच्याबी गळ्यात मारत नसतील रं. आधी भावाकडं नीट बघत असतील."

भावांची लग्नं बहिणी लावायच्या. म्हणजे भावासाठी शब्दही बहिणीचाच पणाला लागायचा. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सरांची माफी माग, कॉलेजात परत नाव घाल, दुसऱ्या दिवशी मनीषाकडं जाते, ताई म्हणाली. माफी मागायला जीभ वळेल? माहीत नाही. पण मनीषाच्या दारात ताईनं माझ्यासाठी खोटं बोलावं, हेही नको. सकाळी कॉलेजात जातो. तांब्याला पोचा पडलाय, त्याचं आई विचारेल ते वेगळंच.